मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करणार?

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५९, जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान ६३ वर्षांचे. सात एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी (कापूस), तूर आणि थोडा चना. दीर शेजारीच राहतात. मुलगी तीस वर्षांची, अविवाहित, तीन वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, ‘आई-बाबा, या वसंतात या आणि चांगले तीन महिने राहा.’ नागपूरचा पुतण्या म्हणतो, ‘एवढा पैसा घालून एका जागी काय बसता? पंधरा दिवसांत दहा देश दाखवणारी टूर करा, शेवटचे चार दिवस तिच्याकडे जा.’ जाऊबाई म्हणतात, ‘दोन-तीन स्थळांचे फोटो सोबत न्या, तिचं लग्नाचं पक्कं करूनच या.’ आणि यजमान म्हणतात, ‘लेकीच्या घरचं पानी बी पेऊ नाही. अन् वावर कोन पायीन? तूच जाय.’ आजवरचा मोठा प्रवास म्हणजे काशी आणि तिरुपती. दोघांकडेही पासपोर्ट नाही. ताई विचारतात: टूर करावी की मुलीकडे राहावं? मार्चमध्ये निघालं तर वसंत सापडेल का? आणि हे आलेच नाहीत तर एकटीने जावं का?

ताई,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आयफेल टॉवर आहे, स्वित्झर्लंडचा बर्फ आहे, बॅग किती किलोची चालते हेही आहे. मुलीची ड्यूटी किती ते किती असते, हे मात्र कुठेच नाही. मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटतं. दीड-दोन महिन्यांच्या मुक्कामात फिरण्याचे दिवस फार तर दहा-बारा. उरलेले सगळे साधे दिवस. त्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता पोरगी कामावर गेलेली असेल, बाहेर बारीक पाऊस असेल, रस्त्यावरची पाटी वाचता येणार नाही. तेव्हा तुम्ही दोघं काय करत असाल? याचं उत्तर आधी सापडलं तर टूर की मुक्काम, किती दिवस, एकटी की दोघं, हे सगळे प्रश्न सोपे होतात.

आधी टूरचं. पुतण्याचा हेतू चांगला आहे, पण त्याचा हिशोब देश मोजायचा आहे. पंधरा दिवसांत दहा देश म्हणजे रोज सकाळी सहाला बॅग भरायची, दिवसभर बसमध्ये बसायचं आणि रात्री नव्या हॉटेलात पाय शेकायचे. ज्यांना ते हवं त्यांनी जरूर करावं. तुम्ही मात्र पत्रात दोन ठिकाणी लिहिलं आहे की पोरीला तीन वर्षांत नीट पाहिलं नाही, फोनवर ती ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. हे वाक्य लिहिणाऱ्या आईला चार दिवस पुरणार नाहीत.

शिवाय देश पाहायला टूरच हवी असंही नाही. जर्मनीचा व्हिसा हा शेंगेन व्हिसा असतो. त्या एका व्हिसावर २९ देशांत जाता येतं. स्टुटगार्टहून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, साडेतीन तासही लागत नाहीत. फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग तर दीड तासाच्या आत. झुरिक तीन तासांवर. मुलीच्या सुट्टीला जोडून दोन रात्री पॅरिस करा, एक दिवस स्ट्रासबुर्ग करा, आणि रात्री तिच्याच घरी वरण-भात खा.

आता वसंताचं. इथे तुमची एक समजूत मला थोडी हलवायची आहे. आपल्याकडे होळीला पळस पेटतो, पाडव्याला कडुनिंब फुलतो, मोहफुलं पडायला लागतात. म्हणजे मार्च आला की वसंत आला. तिकडे कॅलेंडरवर वसंत २० मार्चच्या सुमारास सुरू होतो खरा, पण झाडांना ते कॅलेंडर ठाऊक नसतं. मार्चअखेर स्टुटगार्टच्या बाजूला बरीचशी झाडं नुसत्या काड्या असतात, पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. चेरी साधारण एप्रिलच्या मध्याला फुलते, सफरचंद एप्रिलअखेर. मोहरीच्या कुळातल्या रेपची शेतं एप्रिलअखेरपासून मेपर्यंत पिवळीधमक असतात. स्वाबियन आल्ब नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सफरचंद, नाशपाती, चेरीची जुनी उंच झाडं गवताळ उतारांवर विखुरलेली आहेत. युरोपातल्या अशा मोठ्या बागपट्ट्यांत हा भाग धरला जातो. त्या झाडांखाली गवत कापणीला आलेलं असतं आणि वर बहर. हे पाहायचं असेल तर मार्चमध्ये जाऊन हीटरशेजारी बसू नका.

माझं मत: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघा, १८-२० मेच्या सुमारास परत या. सहा-साडेसहा आठवडे होतात. पोचाल तेव्हा झाड उघडं असेल, निघाल तेव्हा त्याच झाडाखाली गर्द सावली असेल. एका झाडाचा एवढा बदल रोज येता-जाता पाहायला मिळणं, हे दहा देशांच्या टूरमध्ये मिळत नाही.

तीन महिने का नको? एक तर व्हिसाचा नियम महिन्यांचा नसून दिवसांचा आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, येण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. १ एप्रिल ते ३० जून असं ‘तीन महिने’ राहिलात तर ९१ दिवस होतात आणि एका दिवसाने नियम मोडतो. दुसरं म्हणजे मुलीचं घर. नर्सिंगच्या पगारात स्टुटगार्टच्या बाजूला मिळणारी जागा बहुधा एक-दोन खोल्यांची. तिची पहाटपाळी असेल तर ती पाचला उठणार, रात्रपाळी असेल तर दिवसा झोपणार. तुम्ही दोघं त्याच भिंतीआड दबक्या आवाजात बोलणार. हे सहा आठवडे आनंदाने जमतं. बाराव्या आठवड्यात कोणीतरी कोणावर तरी विनाकारण चिडतं. दीड महिन्याहून जास्त राहायचं असेल तर घरमालकालाही कळवावं लागतं, तेही तिच्या डोक्याला नको.

आता यजमानांचं. त्यांच्या दोन हरकती आहेत आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात.

पहिली वावराची. त्यांना कॅलेंडर घेऊन बसवा. तूर जानेवारीपर्यंत घरात येते. फरदड (कापसाचं दुसऱ्यांदा घेतलेलं पीक) घेत नसाल तर पऱ्हाट्याही तेव्हाच उपटून होतात. चना फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. त्यानंतर कोरडवाहू कास्तकाराच्या वावरात उन्हाशिवाय काय असतं? नांगरणी मार्चअखेर उरकता येते. वखरणी, धुऱ्याची डागडुजी, शेणखत टाकणं हे मेच्या शेवटच्या दहा दिवसांत होतं. मृग ७ जूनच्या सुमारास. म्हणजे एप्रिल आणि अर्धा मे हाच त्यांच्या वर्षातला मोकळा काळ आहे, आणि नेमका तोच तिकडचा वसंत आहे. बैल आणि गाय दिरांकडे. ढेप-कुटाराचे पैसे त्यांच्या हातात आधी ठेवा, ‘नंतर पाहू’ नको. सोसायटीच्या पीककर्जाचा मार्चअखेरचा भरणा निघण्याआधी करा. लग्नसराईतली दोन-चार लग्नं चुकतील. त्या घरी मार्चमध्येच जाऊन अहेर देऊन या, कोणी रागावणार नाही.

दुसरी हरकत जास्त खोलवरची आहे. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, या रीतीमागे मला तरी एक काळजी दिसते: लेक परक्या घरात आहे, आपल्या येण्याचा भार तिच्या सासरच्यांवर पडू नये, त्यावरून तिला बोलणी बसू नयेत. तुमच्या मुलीला सासर नाही. घर तिने स्वतः भाड्याने घेतलं आहे, रात्रपाळ्या करून. तिथे बाप आला नाही तर रीत पाळली जाईल, पण कोणाचा भार हलका होईल? हे त्यांना वाद घालून सांगू नका. त्यांचा स्वाभिमान शाबूत राहील अशी वाट द्या. आपलं तिकीट आपण काढायचं. तुमच्या पेन्शनमधून आणि त्यांच्या चन्याच्या पैशातून. तिकडच्या किराण्याचा खर्चही तुम्ही उचला. मुलगी नको म्हणेल, तिचं ऐकू नका.

आणि त्यांना एक गोष्ट सांगा. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याच्या राखेने आणि वायूंनी आभाळ झाकोळलं आणि पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा आलाच नाही. पाऊस थांबेना, पीक कुजलं, स्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या व्युर्टेंबर्ग राज्यात माणसं भुकेने हैराण झाली, कितीतरी जण देश सोडून गेले. त्या दुष्काळानंतर तिथल्या राजाने, पहिल्या विल्हेल्मने, १८१८ मध्ये होहेनहाइम इथे शेतीची शाळा काढली. शेतकऱ्यांचा मेळावाही त्याच वर्षी सुरू केला. ती शाळा आज होहेनहाइम विद्यापीठ आहे, स्टुटगार्ट शहरातच, ट्रामने जाता येतं. तिथल्या जुन्या बागांत कोणीही फिरू शकतं, शेजारी शेतीच्या अवजारांचं संग्रहालय आहे. नांगर कसकसे बदलत गेले ते पाहायला भाषा लागत नाही. ज्या माणसाने विदर्भात कोरडवाहू शेतीवर चाळीस वर्षं काढली, त्याला नापिकीतून उभी राहिलेली ती जागा आयफेल टॉवरपेक्षा जवळची वाटेल असं मला मनापासून वाटतं.

त्यांना हेही सांगा की तिकडच्या शेतकऱ्यांचीही नक्षत्रं आहेत. ११ ते १५ मे हे पाच दिवस ‘बर्फाचे संत’ म्हणून ओळखले जातात. शेवटच्या दिवसाला ‘थंड सोफी’ म्हणतात. ती होऊन गेल्याशिवाय जुने लोक टोमॅटोचं रोप बाहेर लावत नाहीत, कारण तोवर पहाटेचं दव गोठून रोप जळू शकतं. आपण रोहिणी-मृगाकडे डोळे लावतो तसंच हे. तुम्ही त्या दिवसांत तिथेच असाल.

एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर? मग एकट्या जा, ताई. रुसून नाही आणि त्यांना धडा शिकवायला म्हणूनही नाही. तुम्हाला पोरीकडे जायचं आहे म्हणून. मुक्काम चार आठवड्यांवर आणा. स्वयंपाकाची सोय दिरांकडे लावून द्या आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावायला आत्ताच शिकवा. पासपोर्ट मात्र दोघांचेही काढा. बहर फोनवर पाहून मन बदलणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ऐन वेळी पासपोर्ट निघत नाही.

कागदपत्रांत आपल्या गावाकडचा खरा घोळ नावांचा असतो. शाळेच्या दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं. यजमानांचं आधारवर ‘रामराव’ आणि सातबाऱ्यावर ‘रामभाऊ’. जन्मतारीख गुरुजींनी टाकलेली १ जुलै, आधारवर १ जानेवारी. आधी आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवर नाव आणि तारीख अक्षरशः एकसारखी करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज करा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तुमच्या वयाच्या माणसांना जन्मदाखलाच हवा असं नाही, शाळा सोडल्याचा दाखला चालतो. नेटकॅफेतल्या मुलाने भरलेला अर्ज ‘सबमिट’ करण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. तुम्ही शिक्षिका आहात, स्पेलिंगची चूक तुमच्याइतकी कोण पकडणार?

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. एप्रिलसाठी जानेवारीत करा. साधारण पंधरा दिवसांत निर्णय येतो, कधी ४५ दिवसही लागतात. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर स्वतः जावं लागतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. तो घेताना बीपी-शुगर लपवू नका आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळतो का, ते वाचून पैसे भरा. मुलीने तिकडच्या कार्यालयातून तुमच्या खर्चाचं हमीपत्र काढून मूळ प्रत पाठवली तर अर्ज भक्कम होतो. तिथे तिचा पगार बघतात, फी २९ युरो. तिला ते माहीत असेल, फक्त अपॉइंटमेंटला आठवडे लागतात म्हणून आजच सांगा. आणि अर्ज तपासणाऱ्याच्या मनात एक शंका असते: ही माणसं परत जातील का? तुमच्याकडे तिचं उत्तर तयार आहे. सातबारा, आठ-अ, पेन्शनचा आदेश, घराची करपावती. इंग्रजी भाषांतर जोडा.

विमानाचं तिकीट नागपूरपासून जर्मनीपर्यंत एकाच बुकिंगवर काढा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर कोणीही जबाबदारी घेत नाही.

सामानात काय न्यायचं हे तुम्ही विचारलं आहे, काय न्यायचं नाही ते मी आधी सांगते. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, खवा नाही. ताज्या फळांनाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आपली संत्री इथेच खाऊन निघा. पेरणीचं बी, कलमाची काडी नेऊ नका. येताना आणूही नका. यजमानांना सफरचंदाची काडी खिशात घालायचा मोह होईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. विमान आखाती देशात बदलणार असेल तर मसाल्याच्या डब्यातली खसखस काढून टाका, तिकडे तो गुन्हा ठरू शकतो. पापड, कुरड्या, सांडगे, तिखट, सावजी मसाला, ज्वारीचं पीठ खुशाल न्या. औषधं संपूर्ण मुक्कामाची आणि वर दहा दिवसांची, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं.

कपड्यांसाठी नागपुरात जाडजूड कोट घेत बसू नका. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे पहाटे दोन-चार अंश, दुपारी बारा-पंधरा, आणि एका दिवसात ऊन, गारा, पाऊस सगळं. तिकडची म्हणच आहे की एप्रिल त्याला वाटेल तेच करतो. आतून थर्मल, मध्ये स्वेटर, वरून पाणी न शिरणारं पातळ जाकीट, असे काढता-घालता येणारे थर ठेवा. चपला नाही, बंद बूट. ते इथेच महिनाभर आधी घालून गावात फिरा. साडी नेसायची असेल तर खाली थर्मल घाला.

आता त्या मंगळवारकडे येऊ.

मी पहिल्यांदा जर्मनीत बहिणीकडे राहायला गेले तेव्हा माझ्याकडे पाहण्याच्या जागांची मोठी यादी होती आणि घराच्या किल्लीबद्दल काहीच माहिती नव्हती. तिकडची घराची दारं ओढली की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. एका रविवारी मी कचरा टाकायला खाली गेले, दार मागे लागलं. बहीण कामावर, माझा फोन घरात, पायात मोजे. दोन तास जिन्यात बसून होते. शेवटी शेजारच्या आजींनी किल्लीवाल्याला बोलावलं आणि रविवारचा म्हणून त्याने भरपूर पैसे घेतले. त्या दोन तासांत मला कळलं की परक्या देशात माणूस घाबरतो तो मोठ्या गोष्टींनी नाही. म्हणून सांगते, पहिल्या दिवशी तीन गोष्टी गळ्यात किंवा खिशात: किल्ली, मुलीचा पत्ता जर्मनमध्ये लिहिलेला कागद, आणि फोन.

मुलीला म्हणावं, सुट्टी मधे घेऊ नको, पहिले चार-पाच दिवस घे. त्या दिवसांत कुठेही ‘पाहायला’ जायचं नाही. घर ते बसथांबा, थांबा ते दुकान, दुकान ते बाग, बाग ते घर, एवढा एक फेरा तिच्यासोबत दोनदा करायचा. तिसऱ्यांदा तुम्ही दोघं पुढे चाला आणि ती पन्नास पावलं मागून येऊ दे, काही बोलायचं नाही. चौथ्यांदा ती घरीच. एवढा एक रस्ता तुमचा झाला की भीती निम्मी होते.

दुकानं रविवारी बंद असतात. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे यांनाही बंद. शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची. रविवारी आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, म्हणजे मिक्सरसुद्धा नाही. ठेचा शनिवारीच वाटून ठेवा. स्टुटगार्टच्या राज्यात घराघरांत धुराची सूचना देणारी यंत्रं छताला बसवलेली असतात. आपल्या मिरचीच्या फोडणीने ती कर्कश वाजतात, तेव्हा आधी खिडकी उघडा.

प्रवासासाठी ‘डॉइचलँड-टिकेट’ नावाचा महिन्याचा पास आहे, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना. त्यावर देशभर शहरातली बस, ट्राम आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्या चालतात. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. तो दर महिन्याला आपोआप पुढे सुरू राहतो, म्हणून शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद करायला मुलीला सांगा. हा पास हाती आला की मंगळवार मोकळा होतो. गाडीत बसायचं, तीन स्टेशनांवर उतरायचं, गाव पाहायचं, परत यायचं. यजमानांना शेतं पाहू द्या, तुम्ही माणसं पाहा. त्या भागात ओळख नसली तरी ‘ग्र्युस गॉट’ म्हणतात, आपल्या ‘राम राम’सारखं. तेवढं म्हटलं की म्हातारी माणसं थांबतात. मेच्या मध्याला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलगी दुपारपाळी नसताना घरी आली की संध्याकाळी तिघांनी चालायला चार तास मिळतात. एका सुट्टीला बोडेन सरोवरातल्या मायनाऊ बेटावर जा, एप्रिल-मेमध्ये तिथे ट्युलिप असतात.

दोन सावधगिरी मात्र गंभीरपणे घ्या, कारण दोन्ही गावाकडच्या माणसालाच जास्त लागू आहेत. तुम्ही लिहिलं आहे की पावसाळ्यात तुम्ही तरोटा, कुड्याची फुलं वेचून आणता. तिकडे वसंतात जंगलात लसणाच्या वासाची एक रानभाजी उगवते, बेअरलाउख. लोक टोपल्या भरून आणतात. पण तिच्यासारखीच पानं असलेल्या दोन विषारी वनस्पती त्याच भागात उगवतात आणि नुसत्या वासावर विसंबून फसगत होते, कारण एकदा हाताला लसणाचा वास लागला की सगळ्याच पानांना तो येतो. ती भाजी बाजारातून विकत आणा, स्वतः वेचू नका. दुसरी गोष्ट गोचीड. आपल्याला ती बैलाच्या अंगावरची माहीत आहे. तिकडे ती गवतात असते, माणसाला चावते, आणि ते जवळपास सगळं राज्य गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या भागात धरलं जातं. सफरचंदाखालचं ते सुंदर गवत पाहून यजमान त्यात शिरणार हे मला इथून दिसतं. पायघोळ पँट, मोजे वर ओढलेले, आणि घरी आल्यावर अंग तपासणं. लस आहे, घ्यायची का, कधी, ते तुमच्या मुलीलाच विचारा, तिचं ते कामच आहे.

जाऊबाईंचं एक राहिलं. स्थळांचे फोटो घरीच ठेवा, ताई. तीन वर्षांनी आई-बाप दारात आले आणि चौथ्या दिवशी पिशवीतून बायोडेटा निघाला, तर पुढचे पाच आठवडे ती दोन पाळ्यांमधला वेळ घराबाहेर काढेल. तिच्या मनात काय आहे हे ती सांगेल, पण भाजी निवडताना, तुम्ही काही विचारलं नसताना सांगेल. तेवढा वेळ तुमच्याकडे असावा, म्हणूनच मी चार दिवसांऐवजी सहा आठवडे म्हणते आहे.

परतीचा विचार सहसा कोणी करत नाही. तुम्ही पंधरा-वीस अंशांतून थेट आपल्या ४४-४५ अंशांत उतराल. सहा आठवड्यांत अंगाची उन्हाची सवय सुटलेली असते. चाळीस वर्षं उन्हात राबलेल्या माणसाला हे पटत नाही, आणि त्यालाच ऊन लागतं. नागपूरला उतरल्यावरची गाडी सकाळी किंवा रात्री गावात पोचेल अशी ठरवा. पहिले दहा-बारा दिवस यजमानांनी पहाटे आणि सूर्य कलल्यावरच वावरात जायचं, रोज थोडं थोडं वाढवत. २० मेला आलात तरी मृगाच्या आधी अडीच आठवडे हातात राहतात, तेवढ्यात वखरणी होते.